डी-एन-एफ झालं, आता पुढे काय? स्पर्धेतल्या निराश निकालाचं गणित

ह्या आठवड्याचा एपिसोड ज्यांनी लोकलच्या गर्दीत किंवा बसमध्ये अर्धवट झोपेत ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना मी आकडे जरा भराभर सांगितले होते आणि "ते गुणांचं परत सांगा ना" असे मेसेज आले. म्हणून इथे सगळं सावकाश मांडतेय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" काढून टाकलेत, बाकी ऐवज तोच.

विषय असा: इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनी वर्षभर खपून गाडी बांधायची, ती स्पर्धेला न्यायची, आणि निकालाच्या यादीत टीमच्या नावापुढे तीन अक्षरं यायची. डी-एन-एफ. डिड नॉट फिनिश. शर्यत पुरी झाली नाही. त्यानंतर काय करायचं?

०१:३० | प्रश्न कुठून आला

गेल्या महिन्यात थर्ड इयर मेकॅनिकलच्या एका मुलाची व्हॉइस नोट आली. नाव आणि कॉलेज सांगत नाही, त्यानेच तशी विनंती केली होती. थोडक्यात असं होतं: "ताई, आमची गाडी एन्ड्युरन्समध्ये अर्ध्यात राहिली. ड्रायव्हर बदलल्यावर सुरूच झाली नाही. सगळे म्हणतात वायरिंग गंडलं. वायरिंग सेकंड इयरच्या एका पोराने केलं होतं, तो आता वर्कशॉपला येतच नाही. सिनिअर पासआउट होतायत. कॉलेज विचारतंय, पुढच्या वर्षी पैसे का द्यायचे? आम्ही यातून नक्की शिकायचं काय?"

बघा, एका मिनिटाच्या नोटमध्ये किती गोष्टी पणाला लागल्यात. एका मुलाचा आत्मविश्वास, टीमचे पैसे, आणि सिनिअर मंडळींच्या डोक्यात बसून कायमची निघून जाणारी एका वर्षाची माहिती. अशा वेळी "अपयश ही यशाची पहिली पायरी" एवढं म्हणून भागत नाही. पायरी आपोआप तयार होत नाही, ती बांधावी लागते.

निकालाचा कागद तुम्हाला कितवे आलात ते सांगतो, का आलात ते सांगत नाही. ते 'का' शोधणं हे वेगळं काम आहे. पंधरा दिवसांचं आहे, आणि गाडी बांधण्याइतकंच ते इंजिनिअरिंग आहे. आज ते काम कसं करायचं ते बघू.

०३:१० | आधी गुण मोजा

उदाहरणासाठी फॉर्म्युला एसएई घेते. ही स्पर्धा १९८१ मध्ये अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात सुरू झाली आणि आज तिच्या धर्तीवर जगभर स्पर्धा होतात. आपल्याकडे कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणारी फॉर्म्युला भारत त्याच घराण्यातली. इंदूरजवळच्या पिथमपूरला नॅट्रॅक्सवर होणारी बाहा ही तिची मातीत लोळणारी चुलत बहीण. नियम स्पर्धेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, त्यामुळे आकडे तुमच्या रूलबुकमधून घ्या. पद्धत मात्र सगळीकडे चालते.

फॉर्म्युला एसएईत एकूण १,००० गुण असतात. त्यातले ३२५ गाडी एक फूटही न हलवता मिळतात: डिझाइनला १५०, कॉस्टला १०० आणि बिझनेस प्रेझेंटेशनला ७५. उरलेले ६७५ गाडी पळवून मिळवायचे. ॲक्सलरेशन १००, स्किडपॅड ७५, ऑटोक्रॉस १२५, एफिशियन्सी १००, आणि सगळ्यात मोठा वाटा एन्ड्युरन्सचा, २७५.

एन्ड्युरन्स म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. अर्ध्यात गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, तीन मिनिटांत ड्रायव्हर बदलायचा, परत सुरू करून उरलेलं अंतर कापायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण भल्याभल्यांच्या गाड्या इथेच राम म्हणतात.

आता जरा आकडेमोड. एन्ड्युरन्सच्या २७५ पैकी २५ गुण लॅप पूर्ण करण्याचे आणि २५० वेळेचे. वेळेचं सूत्र असं आहे की सगळ्यात जलद गाडीच्या १.४५ पट वेळ लागला तर वेळेचे गुण शून्य. समजा सगळ्यात जलद टीमने १,५०० सेकंद घेतले आणि तुम्ही रमतगमत १,८००. म्हणजे २० टक्के हळू. सूत्रात घातलं तर वेळेचे सुमारे ११५ आणि लॅपचे २५, असे १४० गुण होतात. एफिशियन्सीचे गुणही एन्ड्युरन्स पुरी करणाऱ्यालाच मिळतात, ते वर. आणि अर्ध्यात बंद पडलात तर? पूर्ण केलेल्या प्रत्येक लॅपला एक गुण. अकरा लॅप झाले असतील तर अकरा.

ह्याच्या शेजारी ॲक्सलरेशन ठेवा. ७५ मीटरची सरळ धाव. सगळ्यात जलद गाडीला ४.० सेकंद लागले आणि तुम्हाला ४.६. तुम्ही महिनाभर वजन कमी करून, गिअरिंग बदलून ४.५ वर आलात. किती गुण वाढले? साधारण साडेपाच.

एक दशांश सेकंदासाठी महिनाभर झटून साडेपाच गुण. हळूहळू का होईना, एन्ड्युरन्स पुरी करण्याचे १४० गुण. हे गणित कागदावर आलं की टीममधल्या अर्ध्या भांडणांचा निकाल आपोआप लागतो.

म्हणून पहिलं काम हे: एक साधी शीट बनवा. प्रत्येक इव्हेंटसमोर तीन रकाने. मिळालेले गुण, स्पर्धेआधी आपण धरलेले गुण, आणि दोन्हींतला फरक. बऱ्याचदा असं दिसतं की सगळे बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलतायत, पण कॉस्ट आणि डिझाइनमध्येही ऐंशी-नव्वद गुण गळलेत. त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही, कारण तिथे धूर निघाला नव्हता.

०७:०० | गाडी परत सुरू का होत नाही

आता त्या व्हॉइस नोटमधल्या घटनेकडे येऊ. ड्रायव्हर बदलल्यावर गाडी सुरू न होणं हा फॉर्म्युला स्टुडंट जगातला जुना आजार आहे. ह्यात आत काय घडतं ते समजून घ्या, कारण त्याशिवाय 'वायरिंग गंडलं' हे वाक्य तपासताच येत नाही.

आपल्याकडे बऱ्याच टीम बाइकचं इंजिन वापरतात. केटीएम ३९० चं इंजिन तर फार लाडकं. बाइक रस्त्यावर पळते तेव्हा रेडिएटरला समोरून भरपूर वारा मिळतो. स्पर्धेच्या ट्रॅकवर मात्र कोनांच्या मधून वळणंच वळणं असतात. वेग कमी, वारा कमी, त्यामुळे पंखा जवळपास सतत फिरतो. पंखा, फ्युएल पंप, ईसीयू, डेटा लॉगर, सगळ्यांना वीज लागते. कमी आरपीएमवर इंजिनचं चार्जिंग तेवढी वीज देऊ शकलं नाही, तर उरलेली बॅटरीतून जाते. प्रत्येक लॅपला थोडी थोडी.

मग ड्रायव्हर बदलायला गाडी थांबते. इंजिन बंद झालं की त्याच्यावर चालणारा पाण्याचा पंपही बंद. कूलंट जागेवर उभं राहतं आणि सिलिंडर हेडच्या धातूत साठलेली उष्णता त्यात उतरते. म्हणजे इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं तापमान कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. फ्युएल लाइन एक्झॉस्टच्या जवळून गेली असेल तर पेट्रोलची आतल्या आत वाफ होऊ शकते. आणि नेमक्या त्याच वेळी, अर्ध्या रिकाम्या बॅटरीला स्टार्टर फिरवायचा असतो.

म्हणजे 'सुरू झाली नाही' ह्या एका ओळीमागे निदान चार संशयित आहेत: बॅटरी, इंधनाची वाफ, जास्त तापमानामुळे ईसीयूने घेतलेला निर्णय, आणि हो, सैल झालेली एखादी वायरही. चौघांची लक्षणं बाहेरून जवळपास सारखीच. पॅडॉकमध्ये उभं राहून, घामाघूम होऊन, निर्णय लागत नाही.

आणि ही चाचणी आधी करता येते का? येते. पूर्ण २२ किलोमीटर चालवा, मध्ये तीन मिनिटं बंद ठेवा, परत सुरू करा. ह्याला पैसे लागत नाहीत. लागतो तो वेळ, आणि तोच शिल्लक नसतो, कारण गाडी पूर्ण होते ट्रकमध्ये चढवायच्या आदल्या आठवड्यात. मग कॉलेजच्या ग्राउंडवर पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या होतात, रील निघतं, सगळे खूश. पाच मिनिटांत बॅटरी उतरत नाही आणि इंजिनही पुरेसं तापत नाही, त्यामुळे आजार दिसतच नाही.

१०:४० | पहिले ४८ तास: फक्त गोळा करा

माझ्या रोजच्या कामात, सॉफ्टवेअरमध्ये, सर्व्हर कोसळला की नंतर एक कागद लिहितात. त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. गुगलच्या इंजिनिअरांनी २०१६ मध्ये साइट रिलायबिलिटीवर जे पुस्तक काढलं, त्यात ह्यावर एक अख्खं प्रकरण आहे. त्याचा गाभा असा की कागदात माणसाला दोषी धरायचं नाही, घटना कशी घडत गेली ते लिहायचं. हे भाबडेपणाने नाही, व्यवहाराने. ज्याला शिक्षेची भीती आहे तो माहिती लपवतो, आणि माहिती लपली की तोच बिघाड परत येतो.

स्पर्धेनंतर पहिले दोन दिवस मीटिंग घेऊ नका. सगळे थकलेले असतात, कोणी रडलेलं असतं, कोणाचं बोलणं जरा जास्तच टोचतं. ह्या दोन दिवसांत एकच काम करा, गोळा करणं:

* डेटा लॉगरच्या मूळ फाइल. दोन ठिकाणी कॉपी करा आणि मूळ फाइलला हात लावू नका.
* सगळ्यांच्या मोबाइलमधले फोटो आणि व्हिडिओ. त्यांच्यावर वेळ असते. मागे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी स्टोरीत नेमका तो आवाज रेकॉर्ड झालेला असतो.
* टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं एक्सपोर्ट. "रात्री २:१० वाजता पंखा डायरेक्ट केला" असा मेसेज म्हणजे सोनं.
* प्रत्येकाची दोन मिनिटांची व्हॉइस नोट: मी काय पाहिलं, मी काय केलं. एकमेकांची ऐकण्याआधी रेकॉर्ड करा. एकदा गप्पा झाल्या की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात.
* डिझाइनच्या परीक्षकांनी विचारलेले आणि आपल्याला न आलेले प्रश्न. हे सगळ्यात आधी विसरतात.
* बंद पडलेला भाग जसा आहे तसा. तो उघडण्याआधी फोटो. रागाच्या भरात हार्नेस उपटून काढलं तर पुरावा गेला.

मग ह्या सगळ्यातून एक वेळापत्रक बनवा. डावीकडे वेळ, उजवीकडे घटना. मतं नाहीत. "९:४० ला गाडी रांगेत उभी, पंखा सुरू, इंजिन बंद" ही घटना झाली. "इलेक्ट्रिकलवाल्यांनी हलगर्जी केली" हे मत झालं.

१४:१५ | "कोणाचं चुकलं?" हा प्रश्न लवकर संपतो

आता मीटिंग. इथे दोन प्रश्न समोर असतात. "कोणाचं चुकलं?" आणि "हे घडलं कसं?" पहिल्याचं उत्तर एका मिनिटात मिळतं आणि मीटिंग संपते. दुसऱ्याला तीन तास लागतात.

समजा, लॉगमध्ये असं दिसलं की बॅटरीचं व्होल्टेज तिसऱ्या लॅपपासूनच उतरत होतं. आणि बॅटरीकडच्या एका जोडाचं क्रिंपिंगही खरंच सैल निघालं. आता मागे मागे जा.

व्होल्टेज का उतरलं? पंखा सतत चालू होता. का? रेडिएटर ड्रायव्हरच्या मागे आडोशाला बसवला होता, हवा मिळत नव्हती. तिथे का बसवला? साइडपॉडचा साचा वेळेत आला नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात जागा बदलली. साचा उशिरा का? डिझाइन दोनदा बदललं आणि ते गोठवण्याची तारीखच ठरलेली नव्हती.

दुसरा धागा. क्रिंप सैल का? साध्या पकडीने दाबलं होतं. का? क्रिंपिंगचं नीट हत्यार टीमकडे नव्हतं. सेकंड इयरच्या मुलाला कोणी दाखवलं होतं का? दाखवणारा सिनिअर तेव्हा प्लेसमेंटच्या तयारीत होता. काम झाल्यावर दुसऱ्या कोणी जोड ओढून पाहिला का? तशी पद्धतच नव्हती.

तिसरा धागा. हे चाचणीत का दिसलं नाही? पूर्ण लांबीची चाचणी एकदाही झाली नव्हती.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण इंजिनिअरिंगच्या टीममध्ये राहिलेल्या कोणालाही ओळखीचं वाटेल. टोयोटामुळे प्रसिद्ध झालेली 'पाच वेळा का विचारा' ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. ती चांगली आहे, फक्त एकच धागा धरून खाली उतरू नका. बिघाडाला बहुतेक वेळा दोन-तीन कारणं एकत्र लागतात.

मग स्वतःला एक परीक्षेचा प्रश्न विचारा: त्या पोराने क्रिंप अगदी उत्तम केलं असतं, तर गाडी नक्की सुरू झाली असती का? उत्तर "सांगता येत नाही" असं असेल, तर त्याच्या माथी सगळं मारणं हा तांत्रिकदृष्ट्याच चुकीचा निष्कर्ष आहे. दयामाया बाजूला ठेवूनही चुकीचा. आणि तो मुलगा वर्कशॉपला येत नाही ह्याचा एक तांत्रिक तोटाही आहे. त्या हार्नेसमध्ये कुठली वायर कुठून गेली हे आज जगात फक्त त्यालाच माहीत आहे. त्याला फोन करा. "ये, तुझ्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही" असं सांगा. ते खरंच आहे.

१८:३० | बारा वर्षांनी सापडलेलं कारण

आता एक खरी गोष्ट. ही निव्वळ विद्यार्थ्यांची स्पर्धा नव्हती, पण विद्यापीठांच्या टीम त्यात होत्या आणि धडा अगदी आपल्या कामाचा आहे.

अमेरिकेच्या डार्पा ह्या संस्थेने २००४ मध्ये विनाचालक गाड्यांची वाळवंटातली शर्यत ठेवली. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'रेड' व्हिटेकर ह्यांच्या टीमची सँडस्टॉर्म नावाची गाडी सगळ्यात पुढे गेली. किती पुढे? सुमारे १२ किलोमीटर. शर्यत दोनशे किलोमीटरहून मोठी होती आणि एकही गाडी ती पुरी करू शकली नाही. बक्षीस कोणालाच नाही.

पुढच्या वर्षी, ८ ऑक्टोबर २००५ ला, तीच टीम दोन गाड्या घेऊन आली: सँडस्टॉर्म आणि हायलँडर. अंतर सुमारे २१२ किलोमीटर, बक्षीस वीस लाख डॉलर. हायलँडर सगळ्यात पुढे होती. पण वाटेत चढावर तिच्या इंजिनाची ताकद अचानक कमी व्हायला लागली. मागून आलेली स्टॅनफर्डची स्टॅनली तिला ओलांडून गेली आणि साधारण सात तासांत जिंकली. सँडस्टॉर्म तिच्यापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी दुसरी, हायलँडर सुमारे २० मिनिटांनी तिसरी.

इंजिनाला काय झालं होतं? शर्यतीनंतर टीमने शोध घेतला, पण कारण सापडलं नाही. ते सापडलं २०१७ मध्ये, बारा वर्षांनी. जुनी गाडी विद्यापीठात उभी होती, इंजिन सुरू होतं, आणि एका सदस्याचा भार चुकून एका छोट्या इलेक्ट्रॉनिक फिल्टरच्या डब्यावर पडला. इंजिन लगेच गचकायला लागलं. तो डबा इंजिन कंट्रोलर आणि फ्युएल इंजेक्टर ह्यांच्या मधला. त्यातच दोष होता. शर्यतीच्या काही आठवडे आधी चाचणीत ही गाडी एकदा उलटली होती, हेही इथे लक्षात ठेवण्यासारखं.

ह्यातून मला दोन गोष्टी दिसतात. पहिली, कधीकधी खरं कारण सापडत नाही आणि तसं लिहायला हरकत नाही. "कारण अजून माहीत नाही, हे तीन संशयित आहेत, पुढच्या गाडीत हे तीन सेन्सर बसवू" हा उत्तम निष्कर्ष आहे. घाईने शोधलेलं खोटं कारण त्याहून महाग पडतं, कारण मग तुम्ही चुकीची गोष्ट दुरुस्त करून निर्धास्त होता.

दुसरी, पूर्ण कारण माहीत नसतानाही पुढे जाता येतं. डार्पाची पुढची शर्यत २००७ मध्ये झाली, शहरासारख्या रस्त्यांवर. तिथे कार्नेगी मेलनची बॉस ही गाडी पहिली आली आणि स्टॅनफर्डची दुसरी. त्या वेळी हायलँडरच्या बिघाडाचं कोडं सुटलेलं नव्हतं.

२२:०० | निर्णय वाईट होता की नशीब?

अजून एक छोटं उदाहरण, हे मात्र अस्सल विद्यार्थ्यांचं. ऑस्ट्रेलियात डार्विन ते ॲडलेड, तीन हजार किलोमीटरची सौरगाड्यांची शर्यत असते, वर्ल्ड सोलर चॅलेंज. २०१९ मध्ये आधी आघाडीवर असलेली नेदरलँड्सच्या ट्वेंटेची गाडी सोसाट्याच्या वाऱ्याने रस्त्याबाहेर गेली. मग डेल्फ्टची गाडी पुढे होती, आणि शेवटच्या दिवशी तिच्या बॅटरीला आग लागली. ड्रायव्हर सुखरूप बाहेर पडला. जिंकली बेल्जियमची ल्यूव्हेन विद्यापीठाची टीम, जी आधीच्या २०१७ च्या शर्यतीत तिसरी होती. ते त्यांचं पहिलं विजेतेपद.

आता डेल्फ्टने त्या वर्षी सगळंच चुकीचं केलं होतं का? शक्यच नाही, शेवटच्या दिवसापर्यंत ते पुढे होते. म्हणून निकालाकडे बघताना हा प्रश्न विचारा: हेच निर्णय घेऊन आपण दहा वेळा स्पर्धेला गेलो असतो, तर किती वेळा असं झालं असतं? दहात एकदा असेल तर पद्धत मोडून टाकू नका. दहात आठ वेळा असेल तर त्याला नशीब म्हणू नका. पूर्ण चाचणी न करता नेलेली गाडी सहसा दुसऱ्या गटात बसते.

आणि ह्याची उलट बाजूही आहे. चांगला नंबर आला त्या वर्षीही हा कागद लिहा. पुढच्या गाड्या बंद पडल्या म्हणून आपण वर सरकलो असू, तर ते आपल्याला माहीत असायला हवं.

२४:३० | तीन बदल, जास्त नाहीत

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. मीटिंगच्या शेवटी फळ्यावर तीस मुद्दे असतात. "कम्युनिकेशन सुधारू", "वेळेचं नियोजन करू", "जास्त काळजी घेऊ". हे सगळे संकल्प आहेत, एक जानेवारीच्या जिमसारखे. बदल तो, ज्याला तारीख आहे, एका माणसाचं नाव आहे, आणि तो झाला की नाही हे तिसऱ्या माणसाला तपासता येतं.

आपल्या उदाहरणात मी तीनच निवडेन.

पहिला: डिझाइन गोठवण्याची तारीख. सबमिशन आणि सेमिस्टर परीक्षा कधी आहेत ते बघून मागे मोजत ठरवा. त्या तारखेनंतर कितीही भारी आयडिया आली तरी ती पुढच्या वर्षाच्या वहीत.

दुसरा: स्पर्धेला निघण्याआधी पूर्ण लांबीच्या तीन चाचण्या, मध्ये तीन मिनिटं इंजिन बंद. दोन ड्रायव्हर, पूर्ण पोशाखात, दुपारच्या उन्हात. ह्या तीन चाचण्या झाल्या नाहीत, तर वजन कमी करण्याचं कोणतंही काम हातात घ्यायचं नाही.

तिसरा: प्रत्येक जोडाला दोन सह्या. एकाने केलं, दुसऱ्याने ओढून तपासलं. आणि एक नीट क्रिंपिंगचं हत्यार. कार्बन फायबरच्या स्टिअरिंगपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं.

बाकी सत्तावीस मुद्दे लिहून ठेवा, फेकू नका. पण जबाबदारी तिघांची, बदल तीन.

२७:०० | माहिती पासआउट होऊ देऊ नका

कॉलेजच्या टीमची एक अडचण कंपनीत नसते. चार वर्षांच्या कोर्समध्ये माणूस टीममध्ये मनापासून काम करतो दोन, फार तर तीन वर्षं. म्हणजे आज जे घडलं ते प्रत्यक्ष पाहिलेलं दोन वर्षांनी टीममध्ये जवळपास कोणी नसतं. तोच बिघाड तिसऱ्या वर्षी परत येतो आणि सगळ्यांना नवा वाटतो.

म्हणून कागद लिहा. चार पानं पुरतात: गुणांची शीट, वेळापत्रक, कारणांचे धागे, तीन बदल. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, मिसळून लिहा, पण असं लिहा की पुढच्या वर्षी येणाऱ्या फर्स्ट इयरच्या मुलीला ते एकटीला वाचून कळलं पाहिजे.

आणि तो ठेवा कुठे? हे फार साधं आहे आणि हमखास राहून जातं. टीमचा सगळा ड्राइव्ह बहुतेक वेळा कोणा एका सिनिअरच्या अकाउंटवर असतो. तो पासआउट होतो, कॉलेजचा मेल बंद होतो, आणि कॅडच्या फाइलींसकट सगळं गायब. टीमच्या नावाचं एक अकाउंट बनवा, त्याची मालकी दर वर्षी हस्तांतरित करा, आणि एक प्रत हार्ड डिस्कवर घालून वर्कशॉपच्या कपाटात ठेवा.

२९:१० | कॉलेज आणि इंटरव्ह्यू

"पैसे का द्यायचे?" ह्या प्रश्नाला हाच कागद उत्तर आहे. विभागप्रमुखांसमोर "सर, पुढच्या वर्षी नक्की जिंकू" म्हणू नका, ते दर वर्षी हेच ऐकतात. गुणांची शीट ठेवा आणि सांगा, "सर, एन्ड्युरन्समध्ये इतके गुण गेले, त्याची ही तीन कारणं आहेत, दुरुस्तीला इतका खर्च आहे, आणि ह्या तारखेला तुम्ही स्वतः ग्राउंडवर येऊन चाचणी बघा." तारीख देणाऱ्याला नकार देणं जरा अवघड जातं.

इंटरव्ह्यूमध्येही घाबरू नका. डी-एन-एफ लपवायची गरज नाही. "गाडी बंद पडली" इथे थांबू नका, एवढंच. बिघाड कसा शोधला, कोणता संशयित कसा बाद केला, काय बदललं, हे क्रमाने सांगा. नोकरीत रोज हेच करायचं असतं. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला त्यातलं खरंखोटं दोन उपप्रश्नांत कळतं, म्हणून जे तुम्ही स्वतः केलं तेवढंच सांगा.

३१:०० | ह्या आठवड्याचा गृहपाठ

तुमची स्पर्धा कोणतीही असो, रोबोकॉन, बाहा, हॅकेथॉन किंवा विभागातलं छोटंसं प्रोजेक्ट एक्झिबिशन. शेवटच्या निराश निकालाची तीन रकान्यांची शीट बनवा: मिळालेले, धरलेले, फरक. अर्धा तास लागेल. सगळ्यात मोठा फरक ज्या ओळीत दिसेल, ती ओळ तुम्ही इतके दिवस ज्यावरून वाद घालत होतात तीच आहे का, ते मला व्हॉइस नोटवर कळवा. नेहमीप्रमाणे नाव-गाव गुप्त राहील.

पुढच्या एपिसोडमध्ये बघू, डेटा लॉगरमधून आलेली हजारो ओळींची फाइल मोफत साधनं वापरून ग्राफवर कशी आणायची. लॅपटॉप जवळ ठेवा. भेटू!